गाडी उभी राहिल्याशिवाय रस्ता नाही

कासमभाई मुलाणींशी मी जे पहिलं वाक्य बोललो ते त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. युनियनच्या सभेचा निरोप घेऊन मी घाटातल्या त्यांच्या खोपीवर धापा टाकत पोचलो होतो. "कासमभाई, उद्या संध्याकाळी..." एवढं म्हणतोय तोच त्यांनी हात आडवा धरला.

"आधी उभं ऱ्हावा."

मी उभा राहिलो.

"दम घ्या."

दम घेतला.

"आता शिट्टी मारा."

मी नुसता बघत राहिलो. मालधक्क्यावरच्या माझ्यासारख्या कारकुनाला शिट्टी मारायला कोणी सांगत नाही. माझा चेहरा पाहून त्यांनीच खुलासा केला. "नाव सांगा, कुणाकडनं आलाव ते सांगा. मान्साची शिट्टी तीच." मी नाव सांगितलं, कुणाकडून आलो ते सांगितलं. मग कुठे तो हात खाली आला. "बोला आता. रस्ता दिला."

हा माणूस विक्षिप्त आहे असं मी परतताना ठरवून टाकलं. पुढे कळलं की तो विक्षिप्त नव्हता, नोकरीत होता. फक्त ती नोकरी त्याच्या अंगात फार खोल गेली होती.

लोणावळा-खंडाळ्याहून कर्जतकडे उतरणाऱ्या रुळांना घाटात मध्येच एक फाटा फुटतो. तो खाली न जाता उलट चढावर जातो आणि वाळूच्या ढिगात संपतो. रेल्वेत त्याला कॅच सायडिंग म्हणतात. रुळांचा सांधा एरवी कायम या वाळूकडेच लावलेला असतो. ब्रेक निसटलेली गाडी उतारावरून सुसाट आली तर ती दरीत न जाता वाळूत रुतून बसावी, माणसं वाचावीत, म्हणून ही सोय. धड गाडीने तिथे यायचं, पूर्ण उभं राहायचं आणि शिट्टी मारायची. म्हणजे पॉइंटमन सांधा फिरवून तिला खालचा रस्ता देतो. थोडक्यात, येणारी प्रत्येक गाडी बेलगाम आहे असं धरून चालायचं. आपण तशा नाही हे तिने थांबून दाखवायचं.

कासमभाई बावीस वर्षं या सांध्यावर होते. बावीस वर्षं गाड्यांवर अविश्वास दाखवण्याचा पगार घेतल्यावर माणसाने माणसांवर, बातम्यांवर आणि भाजीवाल्यांवर एकदम विश्वास कसा ठेवावा? जी गोष्ट घाईघाईने येई ती ते वाळूत घालत. कुरवंड्याची भाजीवाली "वांगी अगदी आत्ता तोडलीत भाऊ" म्हणत आली की, "वाळूत!" साखर उद्यापासून मिळणार नाही अशी आवई उठली की, "वाळूत!" इंग्रज आता जाणार, अशी त्या वर्षी, म्हणजे सेहेचाळीस साली, गावभर चर्चा होती. आमच्या सेक्रेटरींनी ती त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितली. कासमभाई म्हणाले, "गाडी हितं उभी ऱ्हाऊ द्या, शिट्टी मारू द्या, मंग बघू."

त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. आंबीचा त्यांचा मेहुणा एकदा दुसऱ्या लग्नाचं स्थळ घेऊन खोपीपर्यंत चढून आला. बिचारा उभा राहिला, दम घेतला, नाव सांगितलं, सगळं रीतसर केलं. कासमभाईंनी त्याला चहा पाजला, भाकरी खाऊ घातली आणि स्थळ वाळूत घातलं.

युनियनच्या सभांमध्ये मात्र त्यांनी आमचा जीव नकोसा करून सोडला होता. मुंबईचा एखादा वक्ता रंगात येऊन टेबलावर मूठ आपटू लागला की मागून शांत आवाज येई, "गाडी उभी न्हाई राहिली." एका पुढाऱ्याला वाटलं, चळवळीची गाडी थांबलेली नाही असं हा म्हणतोय. त्याने टाळ्या वाजवल्या आणि आणखी तासभर बोलला.

त्यामुळे महायुद्ध संपल्यानंतरच्या त्या उन्हाळ्यात युनियनच्या वरच्या कचेरीतून पत्र आलं तेव्हा आमच्या सेक्रेटरींना ते देवानेच पाठवल्यासारखं वाटलं. लोणावळ्यात एक बंगला भाड्याने घेतला होता. तिथे पंधरा दिवस वेगवेगळ्या देशांतल्या युनियनवाल्यांचा वर्ग भरणार होता. सिलोनचे, ब्रह्मदेशाचे, मलायाचे लोक येणार होते. शिकवायला विलायतेहून डेव्हिस नावाचे गृहस्थ येणार होते. आमच्या शाखेने एक 'खराखुरा कामगार' द्यायचा होता. सेक्रेटरींनी क्षणाचाही विचार न करता कासमभाईंचं नाव लिहिलं. पंधरा दिवस सभा सुरळीत चालतील हा त्यातला मुद्दा. माझं इंग्रजी मॅट्रिकचं, पण शाखेत तेवढंच उपलब्ध होतं, म्हणून दुभाष्या मी.

आम्ही बंगल्याच्या दिवाणखान्यात फळा लावला, बाकं ओळीने मांडली, खडूचं खोकं ठेवलं. डेव्हिस आले. हा माणूस पूर्वी कोळशाच्या खाणीत होता. त्याच्या हातांच्या कातडीत अजून निळे ठिपके होते. त्याने फळा भिंतीकडे फिरवला, बाकं बाहेर काढायला लावली आणि खुर्च्यांचा गोल केला. "इथे कोणी मास्तर नाही," तो म्हणाला, "इथे सगळ्यांनी एकमेकांना शिकवायचं." मी ते मराठीत सांगितलं.

"मंग ह्यो एवढ्या लांबनं आला कशाला?" कासमभाईंनी विचारलं. हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस एकच धडा होता. प्रत्येकाने आपलं काम गोलात करून दाखवायचं आणि बाकीच्यांनी ते करून बघायचं. रंगूनच्या गोदीतला को सान तांदळाचं पोतं पाठीवर कसं घेतात ते दाखवत होता. माझी कंबर त्या दिवसापासून वेगळी आहे. सिलोनच्या चहामळ्यातून आलेल्या तमिळ बाईंनी 'दोन पानं आणि एक कोंब' कसा खुडतात ते दाखवलं. चहाचं झुडूप नव्हतं, म्हणून आम्ही बंगल्याच्या मेंदीच्या कुंपणावर हात चालवला. अर्ध्या तासात पंधरा कामगारांनी कुंपण असं काही खुडलं की माळी पायरीवर डोकं धरून बसला.

कासमभाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना एकामागे एक उभं करून गाडी केली. डेव्हिस इंजिन. बागेतला उतार हा घाट. फुलांचा नवा वाफा ही वाळू. "याला सांगा, माज्यापाशी येऊन उभं ऱ्हायचं, शिट्टी मारायची." गाडी निघाली. मागच्या डब्यांना हसू आवरेना, त्यांनी पुढच्यांना ढकललं आणि डेव्हिस थांबू शकले नाहीत. कासमभाईंनी निर्विकारपणे हात वाफ्याकडे केला. सगळे वाफ्यात गेले.

"गाडी वाळूत गेली," कासमभाई म्हणाले. "पन मान्सं वाचली. पुन्ना."

तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा डेव्हिस जागच्या जागी उभे राहिले, तोंडाने शिट्टी मारली, आणि कासमभाईंनी असा झोकात सांधा फिरवला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डेव्हिस मला म्हणाले, "या माणसाला कामाबद्दल सांगू नका, याला सांगू द्या." कासमभाईंना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "उभा ऱ्हायला, म्हून कळलं त्याला."

आता सिस्टरची गोष्ट. वर्गात सगळे एकमेकांना 'ब्रदर' म्हणायचे: ब्रदर डेव्हिस, ब्रदर मुलाणी. सिलोनच्या बाई एकट्याच बाई, तेव्हा त्या 'सिस्टर'. आमच्याकडे सिस्टर म्हणजे दवाखान्यातली. तिसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात माळी अंगठा घेऊन, आचारी पोट घेऊन आणि रुळांवरचे दोन गँगमन खोकला घेऊन बसलेले. बाईंना आधी समजेना. मग मळ्यावरच्या अनुभवाने त्यांनी अंगठा मिठाच्या पाण्यात बुडवायला लावला, आचाऱ्याला उपाशी ठेवलं आणि खोकल्याला मिरीचा काढा दिला. तिन्ही तक्रारी दोन दिवसांत थांबल्या, आणि पाचव्या दिवशी व्हरांड्यात बसायला जागा राहिली नाही. मी त्यांना घोटाळा समजावून सांगितला. त्या खूप हसल्या. "असू दे," म्हणाल्या, "आमच्या मळ्यावरही नर्स नाही. तिथेही मीच बघते."

सहाव्या दिवशी दुपारी जेवणानंतर कासमभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, सिस्टरकडं चला. मी बोलनार ते तुमी तिला सांगायचं. पन तुमी ऐकायचं न्हाई."

"न ऐकता सांगू कसं?"

"ते तुमचं तुमी बघा."

सिस्टर मागच्या पडवीत सुपारी कातरत बसल्या होत्या. कासमभाई त्यांच्यासमोर उकिडवे बसले. मग बोलायला लागले आणि मी तुकड्या-तुकड्याने इंग्रजी करत गेलो.

आठ महिने झाले, त्यांच्या कानात शिट्टी वाजत होती. आधी वाटलं वरून मालगाडी आली. बाहेर येऊन बघावं तर रूळ मोकळा. खोपीत यावं तर पुन्हा शिट्टी. ऊन असेल तेव्हा काही बिघडत नाही, गाडी डोळ्यांना दिसते. पण पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही. तेव्हा फक्त कान. मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस एकदा त्यांनी अशीच शिट्टी ऐकली आणि रस्ता दिला. गाडी नव्हतीच. त्यांनी घाईने सांधा परत वाळूकडे लावला. काही झालं नाही. कोणाला कळलंही नाही. पण त्याच घटकेला एखादी ब्रेक गेलेली गाडी आली असती तर ती त्यांनीच दिलेल्या रस्त्याने सरळ खाली गेली असती.

"आन् आता म्हैन्याभरात पुन्ना धुकं येनार," कासमभाई म्हणाले. "वर्ग संपला की मी परत सांध्यावर."

सिस्टरनी विचारलं, रेल्वेच्या डॉक्टरला दाखवलं का?

"डाक्टरला दाखवलं म्हंजी कागदावर येतं. कागदावर आलं की काम गेलं. काम गेलं की खोपी गेली. ही बाहेरदेशची सिस्टर हाय, हिचा कागूद आमच्या हापिसात येत न्हाई. म्हून हिच्याकडं आलो. कानात घालायला काय असलं तर द्या म्हनावं."

आता 'सिस्टर'चा घोटाळा लपवण्यात अर्थ नव्हता. बाई म्हणाल्या, "त्यांना सांगा, मी दवाखान्याची सिस्टर नाही. मी चहा खुडते." मी सांगितलं. मला वाटलं, कासमभाई उठून जातील किंवा मला तरी शिव्या घालतील. त्यांनी उलट मलाच विचारलं.

"मंग सिस्टर कशाला म्हनत्यात?"

"बहीण म्हणून."

"बहिनीला सांगितलं व्हय," ते म्हणाले. "मंग काय कागदावर यायचं न्हाई."

बाई त्यांना म्हणाल्या, तुम्ही हे काम सोडा. मी ते जरा सौम्य करून सांगितलं. "आवशीद मागितलं, सल्ला न्हाई मागितला," म्हणून कासमभाई उठले आणि विहिरीवर तोंड धुवायला गेले.

मीही रेल्वेचाच नोकर. ऐकलेलं वरती कळवणं हे माझं कर्तव्य होतं. मी ते केलं नाही. ऐकायचं नाही असं त्यांनी मला आधीच बजावलं होतं, असं मी स्वतःला सांगत राहिलो. कारकुनाला अशी सोयीची वाक्यं लवकर सापडतात. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. त्यांची खोपी जाण्याचीही आणि घाट उतरणाऱ्या गाडीतल्या माणसांच्या जिवाचीही. दोन्ही भीती मी पुढचे आठ दिवस खिशात घालून फिरलो.

या आठ दिवसांत डेव्हिसनी एक नवा खेळ काढला होता. गोलाच्या मध्ये दोन खुर्च्या. एकीवर साहेब, दुसरीवर कामगार. कामगाराच्या पाठीशी युनियनचा एक माणूस. कोण काय होणार ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. मग एखाद्या देशातलं खरं भांडण घ्यायचं आणि ते तिथे लढवून बघायचं. पहिल्यांदा साहेबाची चिठ्ठी कासमभाईंना आली तेव्हा मलायाच्या खाणकामगाराने सात मागण्या वाचल्या. कासमभाई म्हणाले, "बरोबर हाय. सगळं दिलं." खेळ एका मिनिटात संपला. डेव्हिसनी समजावलं, साहेबाने असं करायचं नसतं, घासाघीस करायची असते. कासमभाई म्हणाले, "गाडी उभी होती. शिट्टीबी नीट मारली. रस्ता का देऊ नये?"

वर्गाच्या शेवटच्या दिवशी पुन्हा चिठ्ठ्या काढल्या. पुन्हा साहेब कासमभाईच. सगळे आधीच हसायला लागले. कामगार झाला को सान. युनियनच्या बाजूने बोलायचं सिस्टरना आलं. भांडण को सानच्या गोदीतलं होतं: क्रेन चालवणाऱ्या एका जुन्या माणसाची नजर अधू झालेली, कंपनी त्याला काढतेय, आणि युनियनची मागणी अशी की त्याला त्याच कामावर ठेवावं.

मी हे मराठीत सांगत असताना माझ्या लक्षात आलं की आपण काय सांगतोय. कासमभाईंच्या ते आधीच लक्षात आलं असावं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

सिस्टर बोलायला उभ्या राहिल्या. इतकं चांगलं भाषण मी आमच्या कुठल्याही सभेत ऐकलेलं नाही. या माणसाने तुम्हाला उभं आयुष्य दिलं, त्या म्हणाल्या. त्याच्या हातून कधी कोणाला ओरखडा आला नाही. त्याला घर आहे ते तुमच्या नोकरीमुळे आहे. नोकरी काढून घेतलीत तर तो कुठे जाईल? वर्गाला वाटत होतं त्या खेळ छान खेळताहेत. त्या मात्र कासमभाईंच्या तोंडून त्यांचं स्वतःचंच उत्तर काढून घ्यायला बघत होत्या, आणि मध्ये मी, एका बाजूचं दुसऱ्या बाजूला पोचवत होतो.

कासमभाईंनी ऐकून घेतलं. मग को सानला विचारलं, "क्रेनच्या खाली किती मान्सं असत्यात?"

"दहा-बारा," को सान म्हणाला.

"मंग न्हाई."

सिस्टर म्हणाल्या, त्याला अजून थोडं दिसतं.

"कवा दिसतं आन् कवा न्हाई हे त्याचं त्याला तरी म्हाईत हाय का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या.

"मंग न्हाई. काढा त्याला. खाली मान्सं असत्यात." त्यांचा आवाज चढला नव्हता. एवढं बोलून त्यांनी टोपी परत घातली. कोणी हसलं नाही.

खेळाचा नियम असा होता की निकालानंतर खुर्च्या बदलायच्या. साहेबाने कामगाराच्या खुर्चीत बसायचं आणि तिथून कसं दिसतं ते सांगायचं. कासमभाई उठून त्या खुर्चीत बसले. डेव्हिसनी विचारलं, "ब्रदर मुलाणी, तुमचं काम गेलं. तुमची मागणी काय?"

पुढच्या सोमवारी ते स्वतःच्या पायांनी रेल्वेच्या डॉक्टरकडे गेले. अर्ज मी लिहिला. लोणावळा स्टेशनात कंदील पुसून तेल भरायची एक खोली होती, तिथे त्यांना काम मिळालं. खोपी अर्थातच गेली, आणि सांध्यावर पाऊस पडायच्या आत दुसरा पॉइंटमन आला. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी खुर्चीत बसलेल्या कासमभाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं.

ते क्रेनबद्दल बोललेच नाहीत.

"मागनी काय असनार?" ते म्हणाले. "काम जाऊ द्या, ते गेलंच पायजे. पन बावीस वर्सं झाली, तितं घाटात माजं कोन न्हाई. दिसातनं आठ-धा गाड्या येत्यात. उभ्या ऱ्हात्यात, शिट्टी मारत्यात. ती शिट्टी दुसऱ्या कुनाला न्हाई, मला असती. कासम, आलोय, रस्ता दे. दिसभरात मला हाक म्हून तेवढीच. आता कानात सारखी वाजती, रातंदीस वाजती. पन तिच्या मागं कोन नसतं."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा त्यास्नी."

मी इंग्रजीत सुरुवात केली. शिट्टीपर्यंत आलो. पुढे हाक शब्दाला माझ्याजवळच्या मॅट्रिकच्या इंग्रजीत काही मिळेना, आणि मिळालं असतं तरी मला ते म्हणता आलं नसतं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी खाली बसलो.

सिस्टरनी माझी वाट पाहिली नाही. भाषांतर किती कळलं होतं, कोण जाणे. त्या गोल ओलांडून कासमभाईंच्या खुर्चीसमोर, त्यांना नीट दिसेल अशा, उभ्या राहिल्या आणि तमिळमध्ये थोरल्या भावाला जी हाक मारतात ती त्यांनी मोठ्याने मारली. ती आमच्याही भाषेत तीच आहे.

"अण्णा!"

कासमभाईंनी मान वर केली.

"ओ," ते म्हणाले.